उजव्या बाजूने

डॉक्टरबाईंनी गाईचं तोंड खांबाशी आवळून बांधलं, उजवी पापणी अंगठ्याने ओढली आणि बॅटरीचा उजेड पाडला. कोपऱ्यातला लालसर, खरबरीत गोळा आता बुबुळावर चढला होता.

"कधीपासून?"

मालक खुंट्याकडे बघत राहिला. बोलणं मुळातच त्याच्या जिवावर यायचं. उत्तर बायकोने दिलं.

"तीन महिने झाले. मी म्हटलं, हे कुसळ नव्हे, डॉक्टर बोलवा. तर हे आपले गुपचूप थेंब घालत बसले! एक वेळ दगडाला पाझर फुटेल, ह्यांच्या तोंडाला नाही."

"कॅन्सर दिसतोय. पांढऱ्या तोंडाच्या गाईंना उन्हाने होतो. मटारएवढा असता तर नुसता गोळा कापून भागलं असतं. आता डोळाच काढावा लागेल." बाईंनी कानाखाली चाचपलं. "गाठी नाहीत. वाचेल."

"दुखेल?" मालकाने एवढंच विचारलं.

"भूल देऊन करते."

तासभर काम चाललं. डोळा काढून पापण्या एकमेकींना शिवल्या, गोळा तपासणीसाठी बाटलीत गेला. तेवढा वेळ मालक गाईचं डोकं कवटाळून उभा होता. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हात धुताना बाई म्हणाल्या, "उजवीकडून तिला आता दिसणार नाही. अचानक हात लावलात तर बिचकेल. जवळ जाण्याआधी बोलायचं. दर वेळी."

"हे? आणि बोलणार?" बायकोला हसू आवरेना. "चाळीस वर्षं मांजराच्या पावलांनी घरात येतात. दचकून किती कपबश्या फोडल्यात मी!"

पहिल्या दिवशी त्याने नुसतं खाकरून बघितलं. गाय बिचकली, दुधाची बादली कलंडली. दुसऱ्या दिवशी गोठ्यातून घोगरा आवाज आला, "मी आलोय गं." आठवड्याभरात "आज पाणी गार आहे हं" इथपर्यंत मजल गेली. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तिला गाईचा हेवा वाटायचा. हसू नका, खरंच वाटायचा.

पंधरा दिवसांनी बाईंनी टाके काढले. तपासणीचा कागदही आला होता. कॅन्सरच, पण मुळासकट निघाला होता.

त्या संध्याकाळी बायको दाराकडे पाठ करून कपबश्या विसळत होती.

"मी आलोय गं."

"गाय गोठ्यात आहे," ती न वळताच म्हणाली.

"माहितीये."

तिने हातातली बशी नीट खाली ठेवली आणि मग वळली.