मावशी उभी राहिली तो डोंगर

मित्रांनो, ग्रंथालयाच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेला मी एक जुना कापडी नकाशा आहे. अख्खा आशिया खंड माझ्यावर आहे. पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणमावशीने मला शिवलं. मावशी दूरदेशाहून आलेली होती. कुठून, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

दर शनिवारी ग्रंथपालबाई मला दालनात अंथरत आणि देशोदेशींहून इथे राहायला आलेली माणसं मुलाबाळांसह जमत. कुणी आपल्या देशाचं गाणं म्हणे, कुणी आपली लिपी शिकवी. शेवटी एक खेळ असे. बाई म्हणत, "चला, चपला काढा आणि आपापल्या गावावर उभे राहा!" एखादे आजोबा चुकून समुद्रातच उभे राहत आणि हशा पिके. माझं भारी कौतुक होई.

एका शनिवारी मागच्या खुर्च्यांवर दोन अनोळखी माणसं येऊन बसली. गाण्यांना ती टाळ्या वाजवीत नव्हती. खेळ सुरू झाला तशी मात्र त्यांनी फोन वर केले. कोण कुठे उभं आहे, त्याचे ती फोटो काढत होती. खेळ आवडला असेल, असं बाईंना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्याच दिवशी मुलं मावशीच्या मागे लागली. "मावशी, तुम्ही कुठल्या?"

मावशी नको नको म्हणत होती. बाई हसून म्हणाल्या, "अहो, नकाशा तुम्हीच शिवलात, मग लाजता कशाला?"

मावशीने चपला काढल्या आणि ती एका डोंगरावर उभी राहिली. तिचे तळवे बर्फासारखे गार होते.

पुढच्या शनिवारी ती माणसं सगळ्यांच्या आधी आली. एकाने बुटासकट माझ्यावर पाय दिला, नेमका त्या डोंगरावर.

"इथे उभी होती ती बाई. राहते कुठे?"

बाई माझी चुरगळलेली कड सरळ करत म्हणाल्या, "इतके लोक येतात हो. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

तेवढ्यात त्या माणसांच्या पाठीमागे, दारात मावशी दिसली. बाई तिच्याकडे न बघताच ओरडल्या, "आजचा कार्यक्रम रद्द! सगळ्यांनी घरी जा!"

मावशी थबकली आणि आल्या पावली मागे फिरली.

तेव्हापासून तिचं दुकान बंद आहे. ती निसटली की सापडली, कुणालाच ठाऊक नाही. मला पुन्हा कुणी अंथरलं नाही. ती दोघं मात्र अजून येतात. पुस्तक मागत नाहीत, नुसती बसून राहतात.

मित्रांनो, परक्या माणसाला त्याचं गाव जरूर विचारा, मायेने विचारा. पण त्याला सांगायचं नसेल, तर पुन्हा विचारू नका.