एकच घर निवडायचं

ज्यानं कुणी तो नियम काढला त्याला सख्खी माणसं नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगते. दोन महिने आम्ही आपापल्या घरात गपगुमान बसलो होतो. कोरोनाची साथ, कुणाकडे चहाला जायचं नाही, पत्ते खेळायला नाही, मयतालासुद्धा नाही. त्रास सगळ्यांना सारखाच, त्यामुळे कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग मे महिना उजाडला आणि टीव्हीवर जाहीर झालं, अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटावर आता प्रत्येक घरानं दुसरं एक घर निवडावं. त्या दोन घरांनी एकमेकांकडे जावं-यावं, जेवावं, गळ्यात पडावं. पण घर एकच. आणि एकदा निवडलं की बदलायचं नाही.

झालं! आमच्या रॅगेड टिकल गावात जी काही धांदल उडाली, विचारू नका. खाडीच्या दोन्ही काठांना मिळून चाळीसेक घरं, आणि त्यातलं प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराच्या नात्यातलं. लग्नं जमवायला बसल्यासारखी अवस्था. "आम्हाला साधं विचारलंही नाहीस?" असे रुसवेफुगवे. खेकड्यांचा हंगाम साथीमुळे लांबलेला, बोटी धक्क्याला बांधून पडलेल्या, पुरुषांना उद्योग नाही. ते आपापल्या बोटीत जाऊन बसायचे आणि कुणी कुणाला निवडलं याच्या बातम्या वायरलेसवरून द्यायचे. आमच्याकडे स्वयंपाकघरातही वायरलेस असतो, घरचा माणूस समुद्रावर असतो म्हणून. माझा माणूस जाऊन सहा वर्षं झाली, पण माझा वायरलेस चालूच असतो.

ऐंशीच्या सेल्बीकाकांना तर तीन घरांनी मागणी घातली, कारण त्यांच्या कपाटात मूस हरणाच्या मटणाच्या बाटल्या भरलेल्या होत्या. काकांनी वायरलेसवर जाहीर केलं, "मी विचार करतोय. घाई करू नका. इतका भाव मला तरुणपणीसुद्धा नव्हता."

मी हसत होते, पण माझं घर अजून ठरायचं होतं. माझी एकुलती एक लेक ट्रीना पलीकडच्या काठावर राहते. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. हॉस्पिटलात मला सोडलं नाही, घरी आणल्यावरही सोडलं नाही. माझी नात, आयव्ही, मी पाहिली ती काचेतून. रोज जाऊन अंगणात उभी राहायचे, ट्रीना तिला खिडकीशी धरायची आणि मी काचेला नाक लावायचे. काच इतकी डागाळायची की जावई, डॅरेल, रोज संध्याकाळी फडकं घेऊन ती पुसायचा. मला ते पोर हातात घ्यायचं होतं. या जगात दुसरं काही नको होतं मला.

आता ट्रीनानं मला निवडलं की काम झालं. पण डॅरेललाही आई आहे ना! ड्रुसिला क्ल्युएट. माझी विहीण. तीही माझ्यासारखीच विधवा, एकटी, आणि तिचं अंगण ट्रीनाच्या अंगणाला लागूनच. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हा अगं-तुगं होतं. पण पोरांच्या लग्नात मी खपून खपून केलेल्या केकवर या बाईनं सगळ्यांदेखत सुरी घेऊन आयसिंग परत सारखं केलं. त्या दिवसापासून 'अहो-जाहो'. आमच्याकडे कुणी कुणाचं दार वाजवत नाही, मागच्या दारानं सरळ आत शिरायचं. दार वाजवतो तो पोलीस, नाहीतर पाद्री. मी मात्र ड्रुसिलाचं दार वाजवायचे. मुद्दाम. आणि तिला ते बरोबर कळायचं.

नियम आला त्याच दुपारी मी कॉड-बटाट्याच्या टिक्क्या तळल्या आणि ट्रीनाच्या पायरीवर ठेवायला गेले. बघते तर तिथे आधीच काकवीचा पाव, वाफाळता. दुसऱ्या दिवशी मी मटाराचं सूप नेलं, तर मनुका घातलेलं पुडिंग हजर. आठवडाभर हेच. डॅरेलच्या पँटचं बटण लागेना. सेल्बीकाका वायरलेसवर रोजचा निकाल सांगायचे, "आज मेल्व्हिनाबाईंचं खारं गोमांस आणि कोबी. समोरून ड्रुसिलाबाईंचा मासा. पायरीवर पाय ठेवायला जागा नाही, मंडळी." सगळं गाव हसायचं. मीही हसायचे आणि उद्या काय न्यायचं याचा विचार करायचे.

"ट्रीना, काय ठरलं गं तुमचं?" मी काचेबाहेरून ओरडायचे.

"आई, नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी? पोरगी शाळेत जायला लागल्यावर?"

मग एका सकाळी ट्रीनानं खिडकी बोटभर वर केली आणि सांगून टाकलं. "आम्ही कुणालाच निवडत नाही. तुला निवडलं तर डॅरेलच्या आईचं तोंड वर्षभर फुगणार. त्यांना निवडलं तर तू मला मरेपर्यंत ऐकवणार."

"मी? मी कधी काय ऐकवते?"

तिनं भुवया उंचावल्या.

"आणि हंगाम सुरू झाला की? डॅरेल बोटीवर गेला की चार-चार दिवस येत नाही. तेव्हा काय करशील?"

"बघेन माझं मी." तिनं खिडकी खाली केली.

मी तणतणत निघाले. रस्त्यापर्यंत गेल्यावर आठवलं, कालचं पातेलं पायरीवरच राहिलं. परत आले आणि सहज खिडकीतून डोकावले. ट्रीना टेबलावर डोकं टेकून झोपली होती, हातात चमचा, गाल लोण्याच्या बशीत. शेजारी पाळण्यात आयव्ही किंचाळत होती, आणि माझी पोर इतकी दमली होती की तिला ते ऐकू येत नव्हतं. डॅरेल धावत आला आणि त्यानं बाळाला उचललं. अगं मेल्व्हिना, मी स्वतःला म्हणाले, तू पायरीवर पदार्थांचं प्रदर्शन मांडून बसलीस आणि आत ही दशा! मला लाज वाटली. खरंच वाटली.

तशीच, पातेलं हातात घेऊन, ड्रुसिलाच्या घराकडे वळले. तोंडावर सांगायचं ठरवलं, की बाई, तुम्ही जा, तुमचं घर जवळ, हा विषय संपला. पण तिच्या फाटकाशी पोचायच्या आत तीच बाहेर आली, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट.

"मी तुमच्याकडेच निघाले होते," ती म्हणाली.

"मी तुमच्याकडे."

रस्त्याच्या दोन कडांना आम्ही उभ्या राहिलो, नियमाप्रमाणे अंतर राखून.

"ट्रीनाकडे तुम्ही जा," ती म्हणाली. "लेकीला आईच लागते."

आता बघा, मी मोठेपणा दाखवायला आले होते आणि तो तिनं आधीच दाखवून टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुळीच नाही. तुम्हीच जा. तुम्ही हाकेच्या अंतरावर."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"मग मला काय भीक हवी आहे?"

"अगं, मी सरळ सांगतेय तर—"

"तू कधी सरळ काही राहू दिलंस? माझ्या केकवरचं आयसिंग तरी?"

"ते वाकडंच होतं, मेल्व्हिना! एका बाजूनं ओघळत होतं! मी तुझी अब्रू वाचवली, आणि तू चार वर्षं माझं दार ठोठावतेस! पोलिसासारखी!"

'तू' कधी परत आलं ते दोघींनाही कळलं नाही. आवाज मात्र खाडीभर गेला असणार, कारण धक्क्यावरून सेल्बीकाका ओरडले, "अगं बायांनो, भांडायचंच असेल तर एका घरात राहून भांडा! आमचे कान किटले!"

धक्क्यावरची माणसं खो खो हसली. ड्रुसिला हसली नाही. ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली.

"एका घरात," ती हळूच म्हणाली. "मेल्व्हिना, आपण एका घरात राहिलो तर आपलं घर एकच होतं की गं."

"आणि ट्रीनाला निवडावं लागत नाही," मी म्हणाले.

"यावं तुला लागेल. माझं घर जवळ."

हे मला झोंबलं, पण बरोबर होतं. मी आरोग्य खात्याला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली. "तुम्ही दोघी खरंच एकत्र राहणार, की नुसतं म्हणण्यापुरतं?"

"पोरी," मी म्हणाले, "तू या बाईला ओळखत नाहीस. म्हणण्यापुरतं असतं तर मी म्हटलंसुद्धा नसतं."

ती म्हणाली, मग एकच घर धरू. पण बाळाकडे जाण्याआधी दोन आठवडे दोघींनीच राहायचं, तिसऱ्याला भेटायचं नाही. मध्येच कुणी निघून गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि दोन आठवड्यांनी तर डॅरेलची बोट निघणार होती. म्हणजे चुकायला जागाच नव्हती.

ट्रीनाला फोनवर सगळं सांगितलं आणि माझी बॅग, माझा वायरलेस आणि माझी उशी घेऊन मी राहायला गेले. ते दिवस! ड्रुसिला चहाची पिशवी पाण्याला नुसती दाखवते. मला चहा असा लागतो की चमचा उभा राहिला पाहिजे. मी घासलेली भांडी ती परत घासायची. पत्त्यांत हरली की गड्डी पुन्हा मोजायची. बाजूबाजूला ठेवलेले दोन वायरलेस एकमेकांवर शिट्ट्या मारायचे आणि त्यातून सेल्बीकाका विचारायचे, "दोघी जिवंत आहात का?"

एका दुपारी मी खोलीत गेले, तर ही माझ्या कपाटासमोर उभी, माझ्या चड्ड्यांच्या घड्या मोडून नव्यानं घालतेय! मी बॅग काढली, कपडे कोंबले आणि दाराशी गेले.

"जा," ड्रुसिला म्हणाली. "पण त्या खिडकीतून एकदा बघ आणि मग जा."

धुकं उतरलं होतं. शेजारच्या अंगणात ट्रीना एका हातानं लंगोट वाळत घालत होती, दुसऱ्या हातानं आयव्हीला खांद्याशी धरून. चिमटा पडला, तो उचलायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली.

"पोर रडते तेव्हा मला इथं सगळं ऐकू येतं," ड्रुसिला म्हणाली. "आणि अंगण ओलांडायची बंदी. मी कानांवर उशी दाबून बसायचे, मेल्व्हिना. तू रोज येऊन बघून तरी जायचीस. मला तर नुसतं ऐकायचं असायचं."

मी बॅग परत आत नेली. चड्ड्या गोळा करून कपाटात टाकल्या. संध्याकाळी बघते तर पुन्हा घड्या. मी गुपचूप कपाट बंद केलं, आणि माझ्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

शेवटच्या संध्याकाळी मोठा प्रश्न आला, आयव्हीला आधी कुणी घ्यायचं. पत्ते कापून ठरवलं. तिला चौकट सत्ती, मला किलवर राणी. ड्रुसिलानं गड्डी मोजली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण मान नीट धर तिची."

"मी एक पोर वाढवलंय!"

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

सकाळी बोटी भोंगे वाजवत गेल्या. डॅरेलनं डेकवरून हात केला. आम्ही दोघींनी हात धुतले, केस विंचरले, स्वच्छ झगे घातले आणि अंगण ओलांडून मागच्या दारानं आत शिरलो. ट्रीना स्वयंपाकघरात उभी होती, केस पिंजारलेले, अंगात डॅरेलचा जुना स्वेटर, हातात आयव्ही. काच नाही, काही नाही. मी दोन्ही हात पुढे केले.

ट्रीनानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि दोन पावलं पुढे येऊन आयव्हीला ड्रुसिलाच्या हातात दिलं.

"अगं, असं काय करतेस? राणी मला निघाली होती—"

माझं वाक्य पुरं झालं नाही. ट्रीना माझ्या अंगावर येऊन आदळली. दोन्ही हात माझ्या गळ्यात, तोंड माझ्या मानेत, आणि हुंदके असे की मीच गदगदा हलले.

"रोज यायचीस," ती म्हणाली. "रोज काचेला नाक लावून तिलाच बघायचीस. खिडकीत मी पण होते ना गं, आई."

मी तिला घट्ट धरलं. दुधाचा वास येत होता तिला, आणि किती वाळली होती पोरगी, स्वेटरातून पाठीचा कणा हाताला लागत होता. बाहेर पायरीवर इतकं खायला ठेवलं आणि हे मला काचेतून दिसलं नाही. मी रडले. ड्रुसिला तर माझ्या आधीच रडत होती, आयव्हीच्या टोपीवर टपटप.

"मेल्व्हिना, तू आपली तुझी सांभाळ," नाक ओढत ती म्हणाली. "हिचं मी बघते."

आयव्ही माझ्या हातात आली ती दुपारच्या जेवणानंतर. तोवर ट्रीना दिवाणावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होती. माझा पाय केव्हाच बधिर झाला होता. मी हलले नाही.