एक मिनिट कुणी हलू नका

मित्रांनो, जुना तर मी आहेच, ते लपवून काय उपयोग? लांब काठीच्या टोकाला बांधून नटांच्या डोक्यावर धरतात ना, तो मी माईक. माझ्या जाळीला एक पोचा आला आहे आणि अंगावरचा केसाळ झगा मांजराने ओरबाडल्यासारखा दिसतो. चित्रपटात मी चुकून दिसलो तर लोक हसतात. म्हणजे जन्मभर राबायचं आणि तोंड दाखवायचं नाही. असो. मला दिसण्याची हौस नाही, ऐकण्याची आहे. मी जन्माचा भोचक.

कारखान्यात एका बाईने भिंगाखाली धरून माझ्यातली केसाएवढी तार जोडली. जोडताना तिने श्वास रोखला होता. तार जुळली आणि तिने तो सोडला. मी ऐकलेला तो पहिला आवाज.

सुरुवातीची वर्षं भाषणांत आणि साबणाच्या जाहिरातींत गेली. मग मला काकांनी जुन्या बाजारातून घेतलं. काका म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ. बोलायला कंजूष, पण दोन घरांपलीकडचा नळ गळतोय हे बसल्या जागी सांगणारा. ज्या चित्रपटांना कुणी विचारत नाही, ते काकांकडे येत. त्यातले सात दोन पुरुषांच्या प्रेमाचे होते. मोठ्या कंपन्या अशा गोष्टीला हात लावत नाहीत, लावलाच तर टिंगल करायला. म्हणून चार माणसं नोकरीतून रजा काढतात, कुणाचं तरी घर मागून घेतात आणि आपली गोष्ट आपणच सांगतात.

आता मी खरं बोलणार आहे. बिचाऱ्यांनी कष्टाने केलंय, टाळ्या वाजवा, असलं मला जमत नाही. सातांतले चार टाकाऊ होते. एकात नायकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत शर्टच मिळाला नाही. अहो, प्रेमात पडला म्हणून कपाटाची किल्ली हरवते का? दुसऱ्यात दोघं असं बोलायचे, जणू पत्रक वाचून दाखवताहेत. आई असली की तिला रडण्यापलीकडे काम नाही. दोघं पोट कशावर भरतात हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही. आणि आवाज? तो सगळ्यांत शेवटी आठवतो. कॅमेऱ्याचे लाड तीन माणसं करणार, आणि आमच्या वाट्याला, "काका, घ्या ना जमवून." पडद्यावर सुंदर चेहरा आणि कानात पंख्याची घरघर.

शिवाय शेवट. सातपैकी सहांच्या कागदावर दोघांतला एक मरायचा. मला राहून राहून प्रश्न पडायचा, या माणसांना म्हातारं होण्याची बंदी आहे की काय?

पण त्याच टाकाऊ चित्रपटांत मी असं काही ऐकलं, जे झगझगीत स्टुडिओत कधी कानावर पडलं नव्हतं. एकात एक जण दुसऱ्याच्या पायाची नखं कापतो. दोन मिनिटं. संवाद नाही, गाणं नाही, नुसता नखं तुटल्याचा टक टक आवाज आणि एकदा, "हळू रे." मोठ्या कंपनीत कुणी साहेब म्हणाला असता, काढा हे, लोक कंटाळतील. इथे साहेबच नव्हता. नट कुणाच्या ओळखीचे नव्हते, म्हणून ते नट वाटायचेच नाहीत. आणि जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा "हा माझा" असं मोठ्याने म्हणतो, त्याच्या घशात जे अडकतं ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी ते जवळून ऐकलं आहे.

सातव्या चित्रपटाची गोष्ट सांगतो. त्याचा दिग्दर्शक गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणत, त्याच्या दुप्पट वयाचे काकासुद्धा. घर त्याच्या थोरल्या बहिणीचं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ताई तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायची. रोज पन्नास हात, पन्नास शिरा, आणि तिचा हात कधी हलला नाही अशी ख्याती. तिला सांगितलं होतं, दोन मित्रांची गोष्ट आहे. ती म्हणाली, "करा. भिंतीला खिळे मारलेत तर मात्र तुम्हाला ठोकीन."

दोन नटांपैकी एक बँकेत कारकून होता. दुसरा व्यायामशाळेत शिकवायचा. त्याला सगळे डंबेल म्हणत. दिसायला देखणा, बोलायला लागला की दगड.

आता फ्रीजचं सांगायला हवं. फ्रीज सारखा गुणगुणतो, आणि ते गुणगुणणं संवादाखाली वाळवीसारखं पसरतं. म्हणून काम चालू असताना तो बंद करतात. काका हुशार. ते आपल्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवत, म्हणजे घरी निघताना किल्ली घेतील आणि फ्रीज चालू करतील. पण कामाच्या दुसऱ्या दिवशी काका बसने आले होते, त्यामुळे फ्रीजमध्ये किल्लीच नव्हती.

संध्याकाळी ताईने फ्रीज उघडला. दूध नासलं होतं, कणीक आंबली होती, बर्फाचं पाणी फरशीवर आलं होतं.

"तुमच्या कलेपायी माझ्या घरात दुर्गंधी," ती म्हणाली. "उद्या मी रजा टाकते आणि स्वतः बसते इथे."

"ताई, उद्या नको," सर म्हणाले.

"का? उद्या काय पुरणार आहात घरात?"

सर वाकून फरशी पुसू लागले. दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग होता.

ठरल्याप्रमाणे ताई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली, मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलत.

"ताई, आवाज येतोय," सर म्हणाले.

"लसणाचा?"

"माईकला येतो."

"मग त्याला म्हणावं, मोठ्यांच्या घरात कान लावू नये."

डंबेल फिसकन हसला. काकाही हसले, आणि काकांनी हसणं म्हणजे दुर्मीळच. मग काम सुरू झालं. प्रसंग असा होता की नायक जीव देण्याआधी पत्र लिहितो आणि ते आपल्याला ऐकू येतं. कारकून खिडकीपाशी बसून वाचू लागला. त्याचा आवाज साधा होता, खात्यातली चूक कबूल करावी तसा.

"ताई, रागावू नकोस. सायकल शिकवताना तू मागचा हात कधी काढून घेतलास ते मला कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं. बाकीचंही असंच राहून गेलं. मी मुलींच्या प्रेमात पडत नाही, एवढंच सांगायचं होतं. तेवढंही जमलं नाही."

लसणाचं साल निघण्याचा आवाज थांबला.

सर "कट" म्हणाले. ते अगदी हळू म्हणाले. लगेच काकांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. "आता खोलीचा आवाज घेऊ. एक मिनिट कुणी हलू नका."

मित्रांनो, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवाद कापून जोडताना मध्ये खड्डे पडतात, ते त्या खोलीच्याच शांततेने बुजवायचे असतात. म्हणून काम संपलं की सगळे जिथल्या तिथे उभे राहतात आणि मी एक मिनिट काहीच नसलेलं ऐकतो. माझ्या कामाचा हा सर्वांत आवडता भाग. काही नाही म्हणता म्हणता किती असतं! डंबेलचं पोट गुरगुरलं. खालून कुणीतरी गाडी ढकलत नेली. सरांचा श्वास छातीपर्यंत येऊन परत जात होता.

चाळीस सेकंद झाले असतील.

"हे पत्र कधी लिहिलंस?" ताईने विचारलं.

"ताई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू दे."

"सिनेमातलं पत्र आहे ते."

"सायकल सिनेमातली नाही."

काकांनी यंत्र थांबवलं नाही. त्यांचं बोट बटणावर होतं, पण बटण दाबलं गेलं नाही.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले.

"मला द्यायला लिहिलं होतंस?"

"तुला सापडायला."

ताईने ताटली खाली ठेवली. ती फरशीवर थरथरत वाजली. पन्नास शिरा शोधणारा हात पहिल्यांदा हलला, आणि तो मी ऐकला. खोलीत कुणी हललं नाही. काकांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे.

"आणि आता?" ताई म्हणाली. "आता काय आहे मनात?"

"आता नाही तसं काही. खरंच नाही. हे लिहायला घेतलं आणि ते मागे पडलं."

"मग याला कशाला मारतोयस?"

"शेवट दुःखाचा असला की लोक गंभीरपणे घेतात, ताई."

"माणूस मेल्यावरच गंभीरपणे घेणार असतील, तर ते लोक गेले उडत." तिने नाक ओढलं. "शेवट बदल. नाहीतर मी फ्रीज चालू करते आणि त्याच्यासमोर ठाण मांडते. बघू कसा पुरा करतोस."

"मग आम्ही शेवटी करायचं काय?" डंबेलने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"वर्षानुवर्षं संसार केलेली माणसं काय करतात? चादर घाला."

चादर घातली. डंबेलने जन्मात कधी घातली नव्हती, त्यामुळे त्याला अभिनय करावाच लागला नाही. "लांब बाजू कुठली?" त्याने विचारलं. "दरवेळी विचारतोस," कारकून म्हणाला, कागदावर नसलेलं. दोघांनी चार कोपरे ताणले, एक सुटला, पुन्हा ताणला. एका दमात झालं.

त्या प्रसंगाखाली काकांनी ती चाळीस सेकंदांची शांतता पसरवली. पुढचं बहीणभावाचं बोलणं त्यांनी सरांसमोर पुसलं. सगळंच लोकांना ऐकवायचं नसतं.

चित्रपट साठ खुर्च्यांच्या एका सभागृहात दाखवला. नंतर चर्चा होती, ती टिपायला काकांनी मला नेलं. वही घेतलेले एक गृहस्थ उठले. चित्रण हौशी आहे म्हणाले. खरं होतं. देखण्या नटाला बोलता येत नाही म्हणाले. तेही खरं. "आणि शेवटी काहीच घडत नाही," ते म्हणाले. "इतका वेळ बसून आम्हाला मिळालं काय?"

तिसऱ्या रांगेतून ताई उठली. काकांनी मला तिच्याजवळ नेलं.

"मी याची बहीण," ती म्हणाली. "तुम्हाला काय मिळालं ते मला माहीत नाही. काही घडलं नाही, हे बघायलाच मी आले होते." आणि खाली बसली. शेजारच्या खुर्चीवर सर होते. तिने त्यांच्या कोपराला धरलं. शीर शोधताना धरते तसं, घट्ट.

मित्रांनो, आता मी पेटीत असतो. शर्टाला लावायचे बोटभर माईक आले, काकांनाही उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मला ओलीपासून जपा, आपटू नका, वर्षातून एकदा बाहेर काढा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी फार दिवस नुसतं हो-नाही करत असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. मला कुणाच्या कितीही जवळ धरा, मला फक्त ऐकता येतं. विचारता तुम्हाला येतं.