वाचनाचा फोटो

चष्म्याचं दुकान बंद करून घरी येताच बाबांनी बूटही न काढता हाक मारली, "बिट्टी, चल लवकर! आजचं पुस्तक!"

सात वर्षांची बिट्टी मुकाट्याने सोफ्यावर येऊन बसली. बाबांनी कोरं करकरीत पुस्तक तिच्या मांडीवर उघडलं, गाल तिच्या केसांना टेकवला आणि फोन लांब धरला. "हं, हस!" बिट्टी हसली. फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला आणि पुस्तक कपाटात. हे एकतिसावं.

शाळेने 'आईबाबांसोबत वाचलेली आवडती पुस्तकं' असा उपक्रम काढला होता. वाचतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, ज्यांची पुस्तकं जास्त त्यांचा पहिला नंबर. हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूची आपण पालक कशी वाट लावतो, हे तो ग्रुप पाहिलेल्यांनाच ठाऊक! कुणी मागे नवा पडदा लावलेला, कुणी मुलाला इस्त्रीचे कपडे घालून बसवलेलं. एका गृहस्थांनी तर पुस्तक उलटं धरलं होतं, तरी बावीस जणांनी त्यांना शाबासकी दिली. शिसारी यावी असं ते प्रदर्शन, आणि त्यात आपले बाबा सगळ्यांत पुढे!

पहिला नंबर अर्थातच त्यांचा आला. आता बापलेकीने वाचनालयात इतर मुलांना एक पुस्तक वाचून दाखवायचं ठरलं.

शनिवारी मुलं गोल करून बसली. ग्रंथपाल बाईंनी त्या एकतिसांतलं एक पुस्तक बिट्टीच्या हाती दिलं.

बिट्टीने ते उघडलं. बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, समोर बघून छान हसली, क्षणभर तशीच थांबली आणि पुस्तक मिटून उठली.

"अगं, वाचायचं ना?" बाई म्हणाल्या.

"वाचलं की! आम्ही रोज असंच वाचतो."

मुलं खदखदून हसली. आपलं काय चुकलं हे बिट्टीला कळेना. तिचे डोळे भरून आले. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"दुकानामुळे वेळच मिळत नाही हो, बाई," ते पुटपुटले.

"फोटोला मिळाला ना? एकतीस वेळा?" बाईंचा आवाज शांत होता, पण त्यात संताप होता. "काचा न बसवता नुसती फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवाल? 'छान दिसते हो,' म्हणून घरी पाठवाल? पोटच्या पोरीला तेच दिलंत तुम्ही!"

बाबांना स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात बिट्टीने त्यांची बाही ओढली.

"बाबा, आपलं बेडकाचं सांगूया? पण त्याचा फोटो चांगला येत नाही ना."

बेडकाचं पुस्तक! टोपी हरवलेला बेडूक. कव्हर गेलेलं, पानांवर दुधाचे डाग, शेवटचं पान चिकटपट्टीने जोडलेलं. उपक्रम सुरू होण्याआधी ते रोज वाचलं जायचं. फोटोत बरं दिसणार नाही म्हणून बाबांनीच ते माळ्यावर टाकलं होतं.

"सांगूया," बाबा म्हणाले.

"डबक्याच्या काठी एक बेडूक रडत होता..." बिट्टीने सुरुवात केली. पुस्तक नव्हतंच हातात. तिला सगळं पाठ होतं. "माझी टोपी कुणी घेतली?" बाबांनी घोगरा आवाज काढला आणि मुलं पुन्हा हसली. या वेळी बिट्टीही हसली. फोन खिशातच राहिला.

घरी आल्यावर बाबांनी आधी स्टूल लावून बेडकाला माळ्यावरून उतरवलं. मग ग्रुपवर लिहिलं, "आमची एकतीस पुस्तकं खोटी आहेत. लेकीबरोबर खरं वाचलेलं पुस्तक एकच." त्या संदेशाला कुणीही शाबासकी दिली नाही.

पालकहो, मुलांसोबतचं वाचन दाखवायचं नसतं, करायचं असतं. आज घरात शोधा, मुलाचं सगळ्यांत फाटकं पुस्तक कोणतं? एकही फाटकं सापडलं नाही, तर थोडी लाज वाटू द्या!