चिमणीचे बारा दिवस

लिफ्टवाल्यांच्या घरात एक नियम होता: कुठलीही वस्तू चालू करून बघितल्याशिवाय माळ्यावर टाकायची नाही. नियम त्यांनीच केला होता आणि सगळा घोटाळा त्याच नियमाने केला.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली त्याला दोन वर्षं झाली होती. जाताना ती आपला गेमचा काळा डबा टीव्हीखाली ठेवून गेली. लिफ्टवाल्यांची बायको दवाखान्यात नर्स, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. धूळ आणि सिस्टर यांचं जन्माचं वैर. एका संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं, "अहो, तो डबा आजच्या आज माळ्यावर गेला पाहिजे. पुसून पुसून हात गेला माझा."

लिफ्टवाल्यांनी नियमाप्रमाणे डबा टीव्हीला जोडला. मशीन तपासायचं तर शून्यापासून, म्हणून पडद्यावर 'नवा खेळ' असं दिसताच त्यांनी तेच दाबलं. समोर हिरवंगार खोरं आलं, खोऱ्यात गाव, गावाच्या टोकाला बंद पडलेली पाणचक्की आणि चक्कीशी उभी असलेली एक बाई. ती म्हणाली, "या, बसा. दमला असाल. आमची चक्की थंडीपासून बंद आहे हो, कुणी बघतच नाही."

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत बावीस वर्षं लिफ्टवाले हेच वाक्य ऐकत आले होते. फक्त त्याआधी 'बसा, दमला असाल' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. अडकलेल्या लिफ्टमधून सोडवलेली माणसं बाहेर येतात ती घड्याळाकडे बघत आणि लिफ्टवाल्यांकडे असं बघतात, जणू यांनीच मुद्दाम कोंडलं होतं. आता या बाईला नाही कसं म्हणायचं? चालायला शिकण्यातच पाऊण तास गेला. त्यांचा वीर भिंतीवर नाक आपटून तिथेच पाय हलवत राहायचा. पण शेवटी चाकाचा तुटलेला दात मिळाला, बसला, चक्की फिरली आणि अख्खं गाव ती बघायला बाहेर आलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं आणि डोळे पुसले.

मग पडद्यावर प्रश्न आला: इथवरचं जपून ठेवायचं का? जागा एकच होती आणि त्यावर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. ते पुसलं जाईल, चालेल का? नक्की? अगदी नक्की? लिफ्टचं कंट्रोल पॅनेलसुद्धा रीसेट करताना तीन-तीनदा असंच विचारतं आणि ते वाचत बसणारा मेकॅनिक वेळेवर घरी जात नाही. लिफ्टवाल्यांच्या बोटाने सवयीने हो, हो, हो म्हटलं.

डबा माळ्यावर गेला नाही. रोज जेवणाआधी तासभर लिफ्टवाले त्या खोऱ्यात जायला लागले. तिथे म्हणे दोन तोंडांचा ड्रॅगन जागा झाला होता आणि सगळं राज्य जाळून टाकणार होता. राजाचा जासूद घोडा फेकत यायचा, "धावा! वेळ फार थोडा आहे!" लिफ्टवाले त्याला "आलोच" म्हणायचे आणि विहिरीचा रहाट दुरुस्त करायला जायचे. कुणाची शेळी हरवलेली, कुणाच्या दाराची बिजागरी गेलेली. ड्रॅगन बिचारा महिनाभर डोंगरावर ताटकळत बसला होता. इतकं समजूतदार गिऱ्हाईक लिफ्टवाल्यांना नोकरीत एकदाही भेटलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी लेकीचा फोन आला.

एरवी बापलेकीचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का', 'हो', 'आईला देतो' एवढंच. त्या दिवशी ती थांबेचना. त्या गेमचा चौथा भाग येणार होता. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या भागातला आपला वीर जसाच्या तसा चौथ्यात नेता येणार होता, त्याच्या घोड्यासकट, जखमांसकट, दोस्तांसकट. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी घरी येतेय मी. माझ्या चिमणीला न्यायला!"

"कुठली गं चिमणी?" स्पीकरवरचं ऐकून सिस्टरनी विचारलं.

"अगं माझी योद्धा! कुऱ्हाडवाली. शाळेपासून खेळतेय मी तिला. पाच वर्षं वाढवलीय."

लिफ्टवाल्यांनी टीव्हीखालच्या डब्याकडे बघितलं. "म्हणजे ती... त्या डब्यातच असते का?"

"मग कुठे असणार? बाबा, तुम्ही हात नाही ना लावलात?"

"छे, छे! मी कशाला?"

फोन ठेवल्यावर सिस्टरनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. पंचवीस वर्षं रुग्णांची तोंडं बघितलेली बाई. "काय केलंत?"

लिफ्टवाल्यांनी सांगितलं. सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अहो, पोरीने या घरात मागे ठेवलेली एकच वस्तू. तीच नेमकी पुसलीत?"

हेच तर टोचत होतं. पोरीची पुस्तकं गेली, कपडे गेले, पलंगसुद्धा तिने नव्या खोलीवर नेला. सणसुट्टी सोडली तर तिला घरी ओढून आणणारं या घरात काही उरलेलं होतं, तर ती चिमणी. आणि ती आपल्या हाताने मारली. लिफ्टवाल्यांना सरळ भीती वाटली, की हे कळलं तर ती रागावणार नाही, नुसतं 'असू दे' म्हणेल आणि पुन्हा यायची नाही.

"सांगून टाका तिला," सिस्टर म्हणाल्या.

"बिघाड सांगायचा नसतो. दुरुस्त झाला की सांगायचं," लिफ्टवाले म्हणाले. हा त्यांच्या धंद्याचा बाणा होता.

सोमवारी सकाळी त्यांनी ऑफिसात फोन करून आजारी असल्याचं कळवलं. साहेबांना आधी खरंच वाटेना, मग ते इतके घाबरले की फळं पाठवू का म्हणाले.

काम सोपं होतं: आपल्या वीराचं नाव-रूप बदलून पाच वर्षांची चिमणी बारा दिवसांत पुन्हा उभी करायची. अडचण एवढीच, की चिमणी दिसायची कशी, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पाच वर्षं पोरगी याच खोलीत बसून खेळत होती आणि आईबाप तिच्या मागून 'अभ्यास झाला का' विचारत ये-जा करत होते. पडद्याकडे एकदाही नजर गेली नव्हती.

"केस लाल होते बहुतेक," सिस्टर म्हणाल्या.

"तो पडदा होता. खिडकीचा."

शेवटी पोरीलाच विचारायचं ठरलं, पण तिला कळू न देता. मंगळवारी लिफ्टवाल्यांनी फोन लावला. "काही नाही, सहज केला. जेवलीस का? बरं, तुझ्या त्या चिमणीकडे घोडा होता का गं?"

"पांढरा. का?"

"असंच. वाहनाची सोय असावी माणसाला."

बुधवारी घर कुठे आहे ते विचारलं: तळ्याकाठी. गुरुवारी केसांचा रंग: काळे, वेणी. शुक्रवारी लेकीने आईला वेगळा फोन करून विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना? रोज फोन करतायत. काल पंधरा मिनिटं बोलले."

"आजारीच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे तसे बरे आहेत."

ड्रॅगनचं काय, हेही लिफ्टवाल्यांनी एकदा अंदाज घेत विचारलं. "मारला ना, कधीच," लेक म्हणाली. "सगळ्या वर्गात पहिली मी." झालं, म्हणजे तोही मारणं आलं.

लढाई हा लिफ्टवाल्यांचा प्रांत नव्हता. रानडुकराने हल्ला केला तरी ते आधी डुकराच्या मागे पडलेली पेटी उघडून बघायचे. त्यांना सापडेल ते उचलायची सवय. चिमणीच्या पोतडीत दोनशे चौदा मेणबत्तीदाण्या होत्या, सत्तर बिजागऱ्या आणि एक नांगराचा फाळ. वजनाने पोरीला पळता येत नव्हतं. ती ड्रॅगनसमोरून शतपावली घालत असल्यासारखी निघायची आणि जळून जायची.

"फेका त्या मेणबत्तीदाण्या!" सिस्टर ओरडल्या.

"लागतील कधीतरी."

"कधी? लिफ्टमध्ये लावणार आहात?"

लिफ्टवाल्यांनी मोठ्या मनाने दोन फेकल्या.

अकराव्या दिवशी, नवव्यांदा जळून झाल्यावर, दुपारी ड्यूटीवरून आलेल्या सिस्टरनी पर्स बाजूला ठेवली आणि कंट्रोलर त्यांच्या हातातून काढून घेतला. "सरका." त्यांनी हजारो रडणाऱ्या पोरांना लशी टोचल्या होत्या. ड्रॅगनचं डावं तोंड आग ओकायला उघडलं, तोच त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं, झालं, बघू नकोस इकडे," आणि कुऱ्हाड घातली. उजव्या तोंडाला म्हणाल्या, "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" सहा मिनिटांत ड्रॅगन आडवा. सिस्टरनी कंट्रोलर परत दिला आणि हात धुवायला गेल्या.

शनिवारी लेक आली. पिशवी दारातच टाकून, चहाला 'नको, मग' म्हणून ती टीव्हीसमोर बसली. लिफ्टवाले मागे उभे राहिले. सगळं जागच्या जागी होतं: वेणी, तळ्याकाठचं घर, पांढरा घोडा (करडाच मिळाला होता, पण ऊन पडलं की पांढरा दिसायचा). मग तिने पोतडी उघडली.

बराच वेळ ती वस्तूंच्या यादीत नुसती खाली खाली जात राहिली. मेणबत्तीदाण्या संपेचनात.

"बाबा," ती म्हणाली, "ही माझी चिमणी नाही."

लिफ्टवाल्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर छताकडे बघत होत्या.

"पुसली गेली," ते म्हणाले. "माझ्याकडून. दीड महिना झाला. मी परत बनवत होतो, होईल तेवढी... ड्रॅगनसुद्धा मारलाय बघ. तू मारला होतास तसा."

लेकीने झटकन मान वळवली. "ड्रॅगन मारला?"

"आईने मारला."

"पण मी नव्हता मारला!" आता तिचा आवाज फुटला. "वर्गात थाप मारली होती मी. ड्रॅगन मेला की गोष्ट संपते बाबा. मग नुसती नावं येतात पडद्यावर. मी पाच वर्षं त्याला राखून ठेवला होता. परीक्षा वाईट गेली, तुमचं-आईचं वाजलं, की मी तिथे जायचे, तळ्याकाठी बसायचे, कुणाची तरी शेळी शोधून द्यायचे. ते लोक मला बघून खूश व्हायचे. संपवायचंच नव्हतं मला ते."

लिफ्टवाल्यांना त्या चक्कीवालीच्या गावातल्या टाळ्या आठवल्या. त्यांना वाटलं होतं, हे असलं आपल्यालाच होतं, या वयात, बावळटासारखं. याच खोलीत पोरगी पाच वर्षं नेमकी त्याच कारणासाठी बसलेली होती आणि आपण तिला अभ्यास विचारत होतो. त्यांना फार वाईट वाटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

लेकीने नाक पुसलं. पडद्याच्या कोपऱ्यात खेळलेले तास दाखवत होते, तिकडे तिची नजर गेली. "एकशे बारा तास? तुम्ही ऑफिसला कधी गेलात?"

"नाही गेले," सिस्टर छत सोडून म्हणाल्या. "बारा दिवस आजारपणाची रजा काढली त्यांनी."

"कुणी? बाबांनी?" लेक वडिलांकडे बघतच राहिली. "माझ्या निकालाच्या दिवशी नव्हती घेतलीत. मी इथून गेले त्या दिवशीसुद्धा स्टेशनवर आई एकटीच आली होती. कुठली तरी लिफ्ट अडकली होती."

लिफ्ट अडकली होती हे खरं होतं. ती कुठल्या इमारतीची, हेसुद्धा आता आठवत नव्हतं.

"तेव्हा कळलं नाही गं मला," ते म्हणाले.

लेकीने गादीवर सरकून शेजारी जागा केली. "बसा. पहिल्यापासून दाखवा. काय काय केलंत माझ्या चिमणीचं, सगळं सांगा. आणि एवढ्या मेणबत्तीदाण्या कशाला, ते आधी सांगा."

"त्याचं असं आहे," लिफ्टवाले बसत म्हणाले, "त्या बाजारातल्या लोहाराला त्यांची किंमतच कळत नाही," आणि आपल्याला एवढं बोलता येतं हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ते शेळीपाशी पोचले, तोवर लेक दोनदा खदखदून हसली होती आणि सिस्टर चहाचे कप घेऊन खालीच बसल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरनी उचलला. ऑफिसातून साहेब विचारत होते, ते त्यांनी मोठ्याने सांगितलं: रजा काल संपली ना, तब्येत कशी आहे, सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय, दुसरा मेकॅनिक निघतोय पण त्याला तासभर लागेल, तुम्ही जवळ आहात, येता का?

लेकीने कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि बाजूला सरकली, वडिलांना उठायला वाट करून देत.

लिफ्टवाल्यांनी तो कंट्रोलर उचलून परत तिच्या हातात दिला.

"दुसऱ्याला पाठवा म्हणावं," ते बायकोला म्हणाले. "मी अजून आजारी आहे."