पाच घरांचा बोर्ड

मी एक जुना बोर्ड आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो, तो गैरसमज आधीच दूर करतो. लोणी देवकरच्या एका कारखान्यात डाळिंबाची खोकी तयार होतात. तिथल्या पुठ्ठा कापायच्या यंत्रावर मी बसवलेला आहे. माझ्यात दिव्यांची पाच घरं आहेत. एका घरात एक इंग्रजी अक्षर पेटतं, म्हणून मला जे काही बोलायचं ते पाच अक्षरांतच.

आता माझी अडचण ऐका. अक्षरं पेटतात बाहेरच्या बाजूला आणि मी असतो आत. त्यामुळे मी काय बोलतो ते मला कधी वाचता आलेलं नाही. वायरीतून हुकूम येतो, मी तो सांगेल ते दिवे लावतो. समोरच्या माणसांची तोंडं मात्र मला काचेतून दिसतात. एक शब्द लावला की ती खुलतात, दुसरा लावला की कपाळावर आठ्या पडतात. एकदा तर एकानं मला चापट मारली. मी असं काय बोललो होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. नारळ फुटला, फोटो निघाले. मग पुठ्ठ्याचा भुसा माझ्यावर बसत गेला आणि तो पुसायला कुणाला सवड होईना. अशी बरीच वर्षं गेली आणि पळसदेवची संजीवनी कामावर आली. पुठ्ठा सरळ लावायचा आणि मी सांगितलं की हिरवं बटण दाबून पातं खाली आणायचं, हे तिचं काम. तिची मुलगी उत्कर्षा पाचवीत होती. शाळेतून तिला गृहपाठ मिळाला होता: ज्यात 'आर' हे अक्षर आहे असे पाच अक्षरी दहा इंग्रजी शब्द अर्थासह लिहा. संजीवनी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहिली आणि दिवसभर मी काय काय दाखवतो ते एकेक अक्षर बोट ठेवून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवू लागली. सहा शब्द माझ्याकडेच निघाले. मला तर वाटलं, ही माझी तक्रार लिहून घेते आहे.

अर्थ सांगितले गोकुळनं. तो यंत्र चालवणारा, इंदापूरचा, आयटीआय झालेला. संजीवनीनं ते आपल्या भाषेत लिहिले, तो तुकडा माझ्याखाली चिकटवला आणि पाठ व्हावं म्हणून मोठ्यानं वाचला. मी काय बोलतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पॉवर म्हणजे लाइट आली. स्टार्ट म्हणजे सुरू. रिसेट म्हणजे पयल्यापास्नं. अलार्म म्हणजे बोंब. एरर म्हणजे कायतरी चुकलं, पण दरवेळी आपलंच असं न्हाय. चापटीचं कारण बहुधा तेच असावं.

राहिला क्लिअर. गोकुळ म्हणाला, क्लिअर म्हणजे मोकळं, आत काही अडकलेलं नाही. संजीवनीनं विचारलं, हे बघतं कोण? त्यानं यंत्राच्या पोटातला डोळा, म्हणजे सेन्सर, दाखवला. चण्याएवढा आहे तो, माझ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं लिहिलं, "क्लिअर – बोर्ड म्हणतो मोकळं हाय. आपण बघायचं."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं इमानानं दिवे लावले आणि माझ्यावर भरवसा नाही? उत्कर्षानं हाच अर्थ वहीत उतरवला, तर बाईंनी तिथं लाल प्रश्नचिन्ह काढलं. म्हणजे गोंधळलेला मी एकटाच नव्हतो.

तेव्हापासून संजीवनी दरवेळी बटण दाबण्याआधी वाकून आत बघू लागली. त्यात वेळ जायचा आणि खोकी कमी निघायची. सुपरवायझर विजयसिंह यांनी तिला बजावलं, दसऱ्यापर्यंत ही सवय मोडा, नाहीतर पॅकिंगला जा. पॅकिंगच्या बायकांना हंगाम संपला की घरी बसवतात. आणि उत्कर्षा तर शाळेत सगळ्यांना सांगत असे, माझी आई मशीनवर हाय. तरी संजीवनी वाकायचीच, पण विजयसिंह जवळ नाहीत असं बघून.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. गोकुळ भाविक. त्यानं चाकांना, बटणांना, मला गंध लावलं आणि शेवटी आत हात घालून डोळ्यालाही भरपूर लावलं. यंत्राचा देव तोच, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आतलं काहीच दिसेना. आता बघा, मला शिकवलेलं एवढंच, की काही दिसलं नाही म्हणजे काही नाही. मी क्लिअर लावत राहिलो. तेवढ्यात एक पुठ्ठा तिरका अडकला. तो ओढायला गोकुळनं मागच्या बाजूनं आत हात घातला, हे मला मागाहून कळलं. यंत्रांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. पुढच्या बाजूला संजीवनी बटणाशी होती आणि तिच्या अगदी मागे विजयसिंह उभे होते.

"क्लिअर आलंय," ते तिच्या कानाशी म्हणाले. "दाबा."

तिचं बोट बटणावर गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खालच्या पुठ्ठ्याकडे. मी दिवे लावून उभा होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. मग ती वाकली.

ती झटकन वर आली. तिनं लाल बटणावर तळहात मारला आणि यंत्र थांबलं.

"आत गोकुळभाऊंचा हात हाय," ती म्हणाली.

गोकुळनं हात बाहेर काढला आणि उलटा-सुलटा करून बघितला. मग शर्टाच्या टोकानं डोळ्यावरचं गंध पुसलं. विजयसिंहांनी माझ्याखालचा पुठ्ठा वाचला. वाचायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"उद्यापास्नं सगळ्यांनी वाकायचं," ते म्हणाले.

मला मात्र फार शरम वाटली. मी खोटं बोललो का, मित्रांनो? मला दिसलं तेच तर मी सांगितलं. हा गुंता माझ्याच्यानं अजून सुटत नाही.

आता नवं यंत्र आलं आहे. त्याचा पडदा मोठा आहे, तो अख्खी वाक्यं बोलतो. ते चालवते संजीवनी आणि तिचा पुठ्ठा तिथं चिकटवलेला आहे. माझी रवानगी भंगारात व्हायची आहे. माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्यांवरचा भुसा पुसत जा, डोळे स्वच्छ ठेवा, आणि तरीही आमच्या शब्दावरच विसंबू नका, थोडं वाका.

काल संजीवनी मला बंद करायला आली. माझे दिवे शेवटचे लागले होते. तिनं मोठ्यानं वाचलं, "क्लिअर." मग ती वाकली आणि त्या रिकाम्या, थंड यंत्रात नीट बघितलं. आत कुणी नव्हतं. मग तिनं बटण दाबलं.