रोई नाई

ई-वरची ती वळलेली रेघ मुलीने इतकी दाबून काढली होती, की चिठ्ठी उलटी केली तरी बोटाला लागत होती, आणि वेदश्री गेली पाच मिनिटं तेवढंच करत होती — चिठ्ठी उलटायची, रेघेवरून बोट फिरवायचं, पुन्हा सुलटी करायची. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. ‘शेवटच्या पानावर रोई नाई. म्हनून मले हे पुस्तक अर्दं वाटते.’ खाली नाव : दामिनी, वर्ग आठवा.

दोन वाक्यं. वेदश्रीच्या अभिप्रायाच्या तेवीस ओळी होत्या.

ही चिठ्ठी आता चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची होती. सिंदीच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्या पहिल्या पानावर एका वाचकाचा अभिप्राय त्याच्याच भाषेत छापायचा असं ठरलं होतं. छापखान्याचा माणूस चार वाजता येणार. मजकूर उतरवण्याचं काम वेदश्रीकडे, कारण अक्षर तिचं सुंदर, शुद्धलेखन तिचं पक्कं, प्राणिशास्त्रातली पदवी घेतल्यापासून दुपारी मोकळीही तीच. गेल्या शनिवारपर्यंत ते पहिलं पान तिचं होतं. म्हणजे ग्रंथपाल हरिदासकाका तसं म्हणाले नव्हते, ‘बघू’ म्हणाले होते; पण काकांचं ‘बघू’ तिला सातवीपासून ओळखू येतं, त्यात होकार असतो… असायचा.

दोघींचे अभिप्राय ज्या कादंबरीवर होते, ती एका कुत्र्याची होती. जंगलाच्या कडेचं गाव, एक म्हातारा, त्याचा कुत्रा, शेवटच्या पानावर कुत्रा मरतो. वेदश्रीने ती पेन्सिल घेऊन वाचली होती, जशी ती प्राण्यांच्या सगळ्याच कादंबऱ्या वाचते, आणि तिला सात चुका सापडल्या होत्या. पिल्लांचे डोळे तिसऱ्या दिवशी उघडत नाहीत, दहा-बारा दिवस लागतात. कुत्र्याला लाल लुगडं लाल म्हणून दिसत नाही. पान नऊवर मादी नीलगायीला शिंगं दिली आहेत, ती फक्त नराला असतात. पण तिचा खरा राग चुकांवर नव्हताच. कादंबऱ्यांतला लांडगा नेहमी एकटा, हत्तीण नेहमी सूड घेणारी, गाय डोळ्यांत पाणी आणणारी — ही सगळी माणसंच, कातडं पांघरून बसलेली. एक पान तरी असं लिहा, की त्यातल्या जनावराला आपल्याकडून काहीच नको असेल… हे तिने अभिप्रायाच्या शेवटी लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं होतं.

शनिवारच्या बैठकीत काकांनी ते वाचलं. लोकांनी माना हलवल्या. मग काका हसून म्हणाले, “बरोबर आहे बाई तुझं. पण हा अभिप्राय नाही, पोस्टमार्टेम आहे.” आणि खिशातून ही चिठ्ठी काढली.

शेवटच्या पानावर रोई नाई.

रोई म्हणजे रडली. इथे कोणाला विचारावं लागत नाही, अर्धी बोली हिंदीकडून आणलेली. कुत्रा मेला तरी पोरगी रडली नाही, म्हणून तिला पुस्तक अर्धं वाटलं. एवढाच अर्थ, पण निवृत्त मास्तर नानाजींनी चष्मा काढून पुसला, आणि काका कितीतरी वेळ चिठ्ठी हातात धरून राहिले. तिथेच ठरलं. वेदश्रीच्या तेवीस ओळी एकतिसाव्या पानावर गेल्या, थोड्या कापून.

तिला वाटलं होतं तसा राग आला नाही. आलं ते त्याहून बारीक, दाताच्या फटीत अडकलेल्या कुटाराच्या काडीसारखं, जिभेला सारखं लागणारं. आठवीतली पोर, आष्टीकडची, शिकायला इथे मावशीकडे राहते. अर्धं लिहिताना ध सुद्धा आला नाही… आणि मी? माझा कानामात्रा चुकलेला नाही.

तिच्या घरचा कुत्रा मेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चुलतबहीण इला अंगणात गडबडा लोळून रडली आणि आईने, वेदश्रीच्याच आईने, तिला उचलून मांडीवर घेतलं, पदराने नाक पुसलं, साखर-पोळी भरवली. वेदश्री कॅलेंडरपाशी उभी होती. कुत्र्याने खाणं सोडल्याचा दिवस, पाणी सोडल्याचा दिवस, मागचे पाय ओढायला लागला तो दिवस — तिने सगळं कॅलेंडरवर टिपलं होतं, आणि ते ती आईला दाखवायला थांबली होती. आई म्हणाली, पोरगी दगड आहे. प्रेमाने म्हणाली, पण म्हणाली. तेव्हापासून वेदश्रीने जगाची वाटणी मान्य केली : काही रडतात, त्यांना मांडी मिळते, काही टिपतात, त्यांना अचूकपणा मिळतो. वाटणी वाईट नव्हती. फक्त आता ही एक पोर आली होती, जिने न रडण्याचीसुद्धा मांडी मिळवली होती.

“ताई, जनावराचं दुसरं पुस्तक आहे का?”

दामिनी टेबलापुढे उभी होती, शाळेच्या गणवेशात, घामेजलेली, वेणीची रिबीन सुटलेली. वेदश्रीने चिठ्ठीवर हात ठेवला. मग तिला स्वतःचाच हात दिसला, आणि तिने तो काढला.

पुस्तक देते म्हणाली. नोंदवही पुढे ओढली. आणि शाई वाळायची वाट पाहावी तशी थोडं थांबून, उगाच, अगदी उगाच विचारलं, की कुत्रा मेला तेव्हा तुला रडू कसं आलं नाही.

“मले?” दामिनीने भुवया वर केल्या. “मी तं लय रडली ताई. मावशीनं विचारलं, काऊन रडून राह्यली, मास्तरनं मारलं का. जेवलीच नाई त्या दिवशी.”

“मग लिहिलंस की, रोई नाई.”

“हो ना. नाईच आहे.” पोर वेदश्रीकडे अशी बघत होती, जसं वेदश्री बैठकीत इतरांकडे बघते. “पह्यल्या धड्यात म्हातारा रोईचं पिल्लू आणते न घरी, कुत्रं त्याच्यापाशी झोपते. मंग ते गेलं कुठी? शेवटच्या पानावर म्हातारा आहे, कुत्रं आहे, गावातले सारे लोक आहे. रोईच नाई. लिहिणारा भुलून गेला तिले.”

रोई. नाहीचं नाई होतं त्या तोंडात रोहीचं काय होणार! घरी शेतात नीलगायींचा कळप शिरला की बाबा रोहीच म्हणतात, उभी तूर खाल्ली रोह्यांनी, म्हणतात. पण छापील पुस्तकात नीलगाय होती आणि वेदश्रीच्या डोक्यातही, पदवीपासून, नीलगायच. पान नऊ. मादीला शिंगं नसतात. तिने तिथे पेन्सिलीने रेघ मारली होती, समाधानाने पान उलटलं होतं, आणि मग… मग तीसुद्धा भुलली होती. लेखकासारखीच. त्या पिल्लाला कुत्र्याच्या कुशीत सोडून दोनशे पानं पुढे निघून गेली होती, रंग आणि डोळे आणि दिवस तपासत.

दामिनी पुस्तक छातीशी धरून गेली. जाताना म्हणाली, “यात तरी शेवटपर्यंत राह्यते का सारे?” त्या पुस्तकातही वेदश्रीने फक्त चुका पाहिल्या होत्या.

पावणेचार. कोरा कागद पुढे होता. रोच्या पुढे ‘ही’ लिहिता येईल, आणि मग पहिल्या पानावर एका आठवीतल्या मुलीची नेमकी, साधी, बिनतोड हरकत छापली जाईल, जी मला सुचायला हवी होती. किंवा ‘ई’. शब्दाला हात न लावता, जसंच्या तसं, कोणी बोट दाखवणार नाही. काका खूश, नानाजी खूश, आणि पोरीच्या न रडण्याचं कौतुक गावभर. ते पान मग खोटं असेल, हे मला एकटीला माहीत असेल. किंवा काकांना सगळं सांगायचं, ते म्हणतील, अरेच्चा, इतकंच होय, मग तुझाच छापू… हा तिसरा विचार कुठून आला हे तिने तपासून पाहिलं, आणि तिला तो कुठून आला ते नीट कळलं.

पण टोचत होतं ते निराळंच. पोर रडली होती. जेवली नव्हती इतकी रडली होती, आणि त्या पाण्यातून तिने शेवटच्या पानावर कोण कोण आहे ते मोजलं होतं, आणि एक कमी भरली होती. म्हणजे वाटणी नव्हतीच. कोणी केली होती ती? आईने? की कॅलेंडरपाशी उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने, एकटीनेच?

तिने लिहिलं : शेवटच्या पानावर रो

पेन तिथेच टेकलं. टोकाखाली शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. डाव्या हाताने तिने कपाटातली कादंबरी ओढली, पान नऊ उघडलं, तिथली आपली सरळ, समाधानी रेघ पाहिली, आणि पुढे चाळू लागली — दहा, अकरा, बारा — पिल्लू कोणत्या ओळीपर्यंत होतं, कोणत्या ओळीनंतर नाही. पेन्सिल तिने घेतली नव्हती.

“वेदश्री, झालं का उतरवून?” आतून काकांनी विचारलं. छापखान्याची गाडी दाराशी लागली होती.

वाचनालयात ती नेहमी तोलून बोलते, प्रत्येक ह जागच्या जागी.

“नाई,” ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून गळलेला तो ह तिला ऐकू आला.